देणारी आई, घेणारी आई

दत्तकाच्या चर्चेत आपले लक्ष सहसा घेणाऱ्याकडे असते. देणाऱ्याने काय सोडले, हा प्रश्न मागे राहतो. आई पुनर्विवाह करते तेव्हा मात्र तोच मुख्य होतो.

१८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला विवाहाची मुभा दिली आणि तिची किंमतही ठरवली. कलम २ नुसार मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क संपे. कलम ३ मुलांविषयीचे होते. पतीने मृत्युपत्राने पालक नेमला नसेल, तर त्याचे आईवडील किंवा अन्य पुरुष नातलग न्यायालयाकडे वेगळा पालक मागू शकत. मात्र मुलांच्या नावे पोषण-शिक्षणापुरती मालमत्ता नसेल, तर खर्चाची हमी दिल्याखेरीज आईच्या संमतीवाचून अशी नेमणूक होत नसे. थोडक्यात, निर्धन मूल आईचे आणि सधन मूल कुळाचे, अशीच ही विभागणी म्हणावी लागेल. विधुराच्या पुनर्विवाहाला अशी कोणतीही अट नव्हती. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मूल देण्याचा अधिकार प्रथम पित्याला दिला. त्यासाठी आईची संमती लागे. पिता हयात असता, त्याने संन्यास घेतल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर आई मूल देऊ शकत नसे. म्हणजे घटस्फोटित स्त्रीच्या मुलाला नव्या पतीने दत्तक घ्यायचे, तर देणारा हात पूर्वपतीचाच हवा. २०१० च्या दुरुस्तीने हा अधिकार दोघांना समान झाला. परस्परांची संमती मात्र आवश्यक राहिली.

या व्यवस्थेत एक विलक्षण विसंगती आहे. दत्तकविधानाने मूल जन्मकुळातून पूर्णतः तुटते आणि दत्तक घेणाऱ्याची पत्नी त्याची दत्तकमाता ठरते. विधवा आई आपले मूल दुसऱ्या पतीला देते, तेव्हा देणारी तीच आणि माताही तीच. तुटते ते वस्तुतः मृत पित्याचे कुळ.

म्हणूनच २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा. पुनर्विवाहित विधवेच्या मुलाच्या पालकत्वासाठी पतीच्या आईवडिलांनी अर्ज केला होता. उच्च न्यायालयाने आईला पालक मानले, पण कागदोपत्री नव्या पतीची नोंद ‘सावत्र पिता’ अशी करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ते निर्दयी ठरवले आणि मुलाचे आडनाव ठरवण्याचा व त्याला दत्तक देण्याचा आईचा अधिकार मान्य केला. आजी-आजोबांची न्यायालयाकडील वाट तीच, १८५६ ची. उत्तर मात्र बदलले.

तरीही १९५६ च्या पालकत्व कायद्यातील ‘पिता’ या शब्दात सावत्र पिता आजही येत नाही. वर्षानुवर्षे मूल वाढवणारा पुरुषदेखील दत्तकविधानावाचून त्या मुलाचा नैसर्गिक पालक ठरत नाही.