निरोपांचे दप्तर



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त मोबाइलचे आहे, पण विषय माझा जुनाच, इतिहासाचा. चौतीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची खोड जडली आहे. आमची ही म्हणायची, "तुमच्याकडे चहा मागितला तर तुम्ही आधी चीनपासून सुरुवात कराल!" आजही तसेच होणार आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचायला बसा.

२०२४ च्या दिवाळीआधी कपाट आवरताना हिचा फोन हाती लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती गेली, त्यानंतर तो साड्यांच्या कप्प्यात तसाच पडून होता. चार्जर शोधला, तासभर लावून ठेवला, आणि पडदा उजळला. कुलूप उघडायची खूण मला ठाऊक होती. म्हटले, आज सगळे निवांत वाचू. नाशिकच्या बहिणीशी होणारी तिची लांबलचक संभाषणे, नातीला पाठवलेल्या पाककृती, मला बाजारातून आणायच्या वस्तूंच्या याद्या.

पण त्यातले काहीच वाचता आले नाही. अॅपची आवृत्ती जुनी झाली होती, ते उघडेचना. चिरंजीवांनी फोनवरून सांगितले तसे सगळे केले. अॅप नवे केले, तर ते म्हणाले, क्रमांकाची खातरजमा करा, संकेतांक पाठवतो. तो संकेतांक जाणार हिच्या क्रमांकावर. आणि तो क्रमांक रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडला होता. रिचार्ज करायचे कोणाला? मलाच. मी म्हणत होतो, आता त्या क्रमांकावर कोण बोलणार आहे, उगाच पैसे कशाला?

तर मंडळी, निरोप गेले कुठे, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे पत्र म्हणजे कागद, आणि कागदाचा गुण असा की तो दुर्लक्षामुळेही टिकतो. माळ्यावर एखादी पेटी असते, तिच्यात रुमालात बांधलेली दप्तरे असतात, आणि तीन-चार पिढ्या तिकडे कोणी बघत नाही. वाळवी लागली नाही आणि पावसाचे पाणी शिरले नाही, की झाले. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते याच पेट्यांच्या शोधात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही अशाच कागदांच्या ओढीने.

त्या पहिल्या खंडात पानिपताच्या काळातली पत्रे आहेत. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रेही त्यात आहेत. विचार करा, गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पडले. मराठ्यांची छावणी लुटली गेली. लिहिणारा गेला, ज्याला लिहिले तोही गेला, तरी पत्रे राहिली. कारण ती छावणीतून निघून दुसऱ्या ठिकाणी पोचली होती. वर्गात हे शिकवताना मी मुलांना नेहमी सांगायचो की पत्र शोधायचे तर लिहिणाऱ्याच्या घरी जाऊ नका, ज्याला लिहिले त्याच्या घरी जा. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग तार आली. हिंदुस्थानातली पहिली प्रायोगिक तार १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली गेली. तारेचा मजकूर वाटेत वीज असे, पण दारात पोचताना पुन्हा कागद होई. आमच्या लग्नात आलेल्या शुभेच्छांच्या तारा अजून फाइलला आहेत. ठराविक वाक्यांना क्रमांक असायचे, पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक सांगायचा. त्यामुळे पाच जणांचा आशीर्वाद शब्दशः एकच! जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, पण कागद राहिले.

खरा बदल झाला तो एसएमएसने. युरोपात मोबाइलचे नियम ठरत असताना १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर निरनिराळी वाक्ये लिहून अक्षरे मोजली, आणि १६० अक्षरांत माणसाचे बोलणे मावते असा निष्कर्ष काढला. ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पहिला एसएमएस पाठवला. मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. भारतातला पहिला मोबाइल संवाद त्यानंतर ३१ जुलै १९९५ ला झाला, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम यांच्यात.

त्या १६० अक्षरांत आपण मराठी माणसे मात्र गरीब ठरलो. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरीला सोळा लागतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत आपली फक्त ७० अक्षरे बसतात. त्यात काना, वेलांटी, पाय मोडायचा हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जाते. 'महाराष्ट्र' हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणतो, फोनच्या हिशेबी तो दहाचा! म्हणून आपण सगळे रोमन लिपीत मराठी लिहायला लागलो. मराठीच्या मास्तराला याचे किती दुःख झाले असेल याची कल्पना करा.

पण विषय तो नाही. सांगायचा मुद्दा असा की एसएमएसच्या शेवटी कागद नव्हता. वाटेतले केंद्र निरोप पोचेपर्यंतच सांभाळायचे, पोचला की त्याचे काम संपले. आणि पोचायचा कुठे, तर सिमकार्डात किंवा फोनच्या इवल्याशा स्मृतीत, जिथे काही डझन निरोप मावत. पेटी भरली की फोन तक्रार करायचा आणि जुने पुसल्याशिवाय नवे येत नसत. आठवते ना? आपण बसून ठरवायचो, कोणता ठेवायचा आणि कोणता पुसायचा. आता वाटते, ते एका अर्थी बरे होते. निदान काय गेले ते माहीत असायचे.

पुढे स्मार्टफोन आले. २००९ साली व्हॉट्सअॅप निघाले आणि अक्षरांची मर्यादा गेली, देवनागरी आली, फोटो आले. माणसाला वाटू लागले की आता सगळे कायमचे राहणार. खरे तर इथेही व्यवस्था तीच आहे. निरोप पोचला की कंपनीच्या संगणकावर राहत नाही. न पोचलेला निरोप तीस दिवस थांबतो आणि मग काढून टाकला जातो. आपले संभाषण असते आपल्या फोनमध्ये. त्याची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, ही वेगळी गोष्ट. अँड्रॉइड फोनवरून अशी प्रत गुगल ड्राइव्हवर ठेवायची सोय २०१५ च्या ऑक्टोबरात आली. २०१६ पासून निरोपांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लागले, आणि २०२१ पासून त्या प्रतीलाही आपले स्वतःचे कुलूप लावता येते, परवलीच्या शब्दाचे किंवा चौसष्ट अंकी किल्लीचे. किल्ली हरवली तर मात्र दुसरी किल्ली कुणाकडेच नसते.

आता ही प्रत घेतली केव्हा जाते? आपण झोपलेले असताना, रात्री दोनच्या सुमारास. आणि सहसा फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तरच, कारण मोबाइलचा डेटा वाया जाऊ नये अशी मूळ रचना असते. इथे आमच्या घरातली दुसरी गोष्ट सुरू होते.

वाय-फायचाही इतिहास थोडक्यात सांगतो, मग सोडतो. अमेरिकेने १९८५ साली काही ध्वनिलहरी, चुकलो, रेडिओलहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या केल्या. त्यातल्या एका पट्ट्यात आपली मायक्रोवेव्ह भट्टीही चालते. त्याच पट्ट्यासाठी १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे पहिले मानक ठरले आणि १९९९ मध्ये त्याला वाय-फाय हे सुटसुटीत नाव मिळाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. म्हणून आज आपण सरकारी परवानगी न काढता दिवाणखान्यात राउटर ठेवू शकतो. आकाशवाणी ऐकायला रेडिओचा परवाना काढावा लागायचा, ते दिवस पाहिलेल्या आमच्या पिढीला याचे अप्रूप वाटते.

२०२० च्या टाळेबंदीत नातीची शाळा घरून सुरू झाली, म्हणून आम्ही नवा राउटर घेतला. बसवणाऱ्या मुलाने जाळ्याला नवे नाव दिले, नवा परवलीचा शब्द दिला. नातीने तिचा संगणक जोडला, चिरंजीवांनी फोन जोडला, माझाही जोडून दिला. हिचा फोन राहिला. ती म्हणाली, "माझं नेट चालतंय की!" आणि चालत होतेच, तिच्या रोजच्या डेटा पॅकवर. मीही म्हणालो, "मग राहू दे."

त्या 'राहू दे'ची किंमत मला चार वर्षांनी कळली. त्या रात्रीपासून तिच्या फोनची प्रत निघणे बंद झाले. रोज रात्री दोनला फोन वाय-फाय शोधत असणार, ओळखीचे नाव सापडत नसणार, आणि तो गप्प बसत असणार. जवळजवळ दीड वर्ष! आधीची जी प्रत होती तीही आता उघडत नाही, कारण तिची वाट क्रमांकावरूनच जाते. बंद झालेला क्रमांक निदान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत, पण नंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. २०२३ साली हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. मी एकदा हिचा क्रमांक फिरवून पाहिला. एका तरुण मुलाने उचलला. "सॉरी, राँग नंबर," एवढेच म्हणालो. चूक त्याची नव्हती, कुठल्या कंपनीचीही नव्हती. दप्तर सांभाळायचे काम माझे होते आणि मी ते केले नाही.

कागद दुर्लक्षाने टिकतो, फोनमधला मजकूर दुर्लक्षाने मरतो. माझ्या साऱ्या इतिहासाचा अनुभव पहिल्या प्रकारचा, म्हणून दुसरा मला उमगलाच नाही.

पण सगळे गेले नाही. साधे एसएमएस फोनमध्ये जसेच्या तसे होते. नातीने एक अॅप टाकून त्यांची प्रत संगणकावर उतरवली. बहुतेक गॅस नोंदणीचे आणि बँकेचे निरोप. इतिहासाच्या मास्तराला जमाखर्चाचे कागदही प्रिय असतात! आणि त्यांत अकरा निरोप तिने मला पाठवलेले. नेट बंद असताना लिहिलेले, रोमन लिपीत. कुठे "दळण घेऊन या", कुठे "औषध घेतले का". एक नुसताच "पाऊस आला". मी ते छापून घेतले आणि लग्नातल्या तारांच्या फाइलला लावले. तिथे आता ते निवांत राहतील.

आणि मग मला माझेच वाक्य आठवले. लिहिणाऱ्याच्या घरी शोधू नका, ज्याला लिहिले त्याच्या घरी जा. तिचे निरोप तिच्या फोनमध्ये नसतील, पण ज्यांना तिने पाठवले त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यांची प्रत आहे!

म्हणून नातेवाईकांना हात जोडून विनंती. नाशिकची मेहुणी, बडोद्याच्या वन्सं, सगळी भाचेमंडळी, तुमच्या फोनमध्ये हिचे संभाषण उघडा. वरच्या तीन टिंबांत 'एक्स्पोर्ट चॅट' असे सापडेल. त्याने सगळ्या मजकुराची साधी फाइल होते, ती मला मेलने पाठवा. खासगी वाटेल ते खुशाल गाळा, मी विचारणार नाही. मात्र जुना फोन विकायच्या किंवा पुसायच्या आधी करा.

आणि बाकीच्या वाचकमित्रांना एवढेच सांगणे. घरी नवा राउटर आला तर त्याला जुनेच नाव आणि जुनाच परवलीचा शब्द द्या, म्हणजे घरातली यंत्रे आपोआप जोडली जातात. जुना शब्द साऱ्या गल्लीला ठाऊक असेल तर नवा द्या, पण मग घरातल्या सर्वात वयस्कर माणसाचा फोन सर्वात आधी जोडा. शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे ते महिन्यातून एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा. आणि कोणी गेले, तर त्यांचा क्रमांक निरोप उतरवून होईपर्यंत चालू ठेवा. तो खर्च वायफळ नाही.

नाशिकहून पहिली फाइल परवा आली. अजून उघडलेली नाही. रविवारी सकाळी चहा घेऊन बसेन म्हणतो.

लोभ असावा.