सातारा व सांगली जिल्ह्यांतील शून्य-उत्सर्जन मालवाहतूक

शून्य-उत्सर्जन मालवाहतूक म्हणजे चालताना धूर वा अपायकारक वायू बाहेर न टाकणाऱ्या वाहनांनी केलेली मालाची ने-आण होय. बॅटरीवर चालणारे विद्युत ट्रक आणि हायड्रोजन इंधनघटावर चालणारे ट्रक यांचा या वर्गात समावेश होतो. सीएनजी किंवा एलएनजीवर चालणारे ट्रक डिझेलपेक्षा स्वच्छ मानले जात असले, तरी त्यांची गणना शून्य-उत्सर्जन वाहनांत होत नाही.

पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४८) सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. ऊस, साखर, हळद, बेदाणे, द्राक्षे, दूध आणि औद्योगिक माल यांची येथील वाहतूक प्रामुख्याने डिझेल वाहनांनी होते. केंद्र व राज्य शासनाच्या सध्याच्या योजना बंदरे, सिमेंट व पोलाद उद्योग आणि मोठ्या वाहतूक कंपन्या यांना सोयीच्या आहेत. हंगामी आणि बहुतांशी छोट्या मालकांच्या हाती असलेल्या वाहतुकीला त्या कितपत लागू पडतात, हा या जिल्ह्यांपुढील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

भारतातील देशांतर्गत मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के वाहतूक रस्त्याने होते. एकूण वाहनांत ट्रकांचे प्रमाण अवघे ३ टक्क्यांच्या आसपास असले, तरी रस्ते वाहतुकीतून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्यांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश आहे. सूक्ष्म धूलिकणांच्या बाबतीत तो निम्म्याहून अधिक आहे. २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत काही देशांनी एक सामंजस्य करार केला. २०४० पर्यंत विकली जाणारी सर्व नवी मध्यम व जड वाहने शून्य-उत्सर्जन असावीत, असे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले.

केंद्र सरकारचे धोरण

२०१९ साली सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात दुचाकी, तीनचाकी, चारचाकी आणि बस यांना अनुदान होते. मध्यम व जड ट्रकांना ते नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये नीती आयोगाने ‘ई-फास्ट इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने शून्य-उत्सर्जन ट्रकांविषयी धोरणात्मक शिफारशी प्रसिद्ध केल्या.

ट्रकांना प्रत्यक्ष अनुदान प्रथम ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतून मिळाले. योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांच्या तरतुदीपैकी ५०० कोटी रुपये विद्युत ट्रकांसाठी राखीव आहेत. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार एन-२ (३.५ ते १२ टन) आणि एन-३ (१२ ते ५५ टन) या गटांतील ट्रकांना कमाल ९.६ लाख रुपये साहाय्य मिळते. देशभरात सुमारे ५,६०० ट्रकांना लाभ देण्याचे उद्दिष्ट आहे. जुना डिझेल ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र ही साहाय्याची अट आहे. योजनेची मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली आहे.

महाराष्ट्र शासनाचे धोरण

राज्याने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि मे २०२५ मध्ये त्याच्या जागी नवे धोरण आणले. नव्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत असून त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. विद्युत वाहनांना मोटार वाहन करात व नोंदणी शुल्कात माफी, मालवाहू वाहनांच्या खरेदीवर सवलत आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय या त्यातील प्रमुख बाबी आहेत.

ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग येथे विद्युत मोटारी व बस यांना पथकर माफ झाला. मालवाहू वाहनांना ही माफी नाही. सातारा जिल्ह्यातील आनेवाडी व तासवडे हे पथकर नाके राष्ट्रीय महामार्गावर असल्याने तेही तिच्या कक्षेबाहेर आहेत.

प्रगती

देशात मध्यम व जड गटांत नव्याने विकल्या जाणाऱ्या ट्रकांपैकी विद्युत ट्रकांचे प्रमाण २०२५ मध्येही एक टक्क्याहून कमी होते. राज्यातील ठळक उदाहरण उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदराचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथे बॅटरी बदलता येणाऱ्या जड विद्युत ट्रकांचा ताफा सुरू झाला. बंदराच्या आवारातील सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के ट्रक डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मार्च २०२५ मध्ये हायड्रोजनवरील ट्रकांच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यांच्या मार्गांत मुंबई व पुणे परिसराचा समावेश आहे.

सातारा व सांगलीतील वाहतुकीचे स्वरूप

ऊस : ऊस तोडल्यानंतर गाळपास जितका उशीर, तितका साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे शेत ते कारखाना ही वाहतूक जवळच्या अंतराची आणि ठरावीक मार्गाची असते. ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली व बैलगाड्या ती करतात. अंतर कमी असणे ही बॅटरीवरील वाहनांसाठी जमेची बाजू होय. शिवाय अनेक कारखाने उसाच्या चिपाडापासून सहवीजनिर्मिती करतात. ही वीज गाळप हंगामातच, म्हणजे वाहतुकीची गरज सर्वाधिक असतानाच निर्माण होते. मात्र हंगाम चार-पाच महिन्यांचाच असल्याने उरलेल्या काळात महागड्या वाहनाला काम मिळणे आवश्यक ठरते.

निर्यातीची द्राक्षे व बेदाणे : तासगाव, पलूस, मिरज भागांतील द्राक्षे वातानुकूलित कंटेनरमधून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. सांगलीपासून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरहून अधिक असल्याने वाटेत चार्जिंगची किंवा बॅटरी बदलण्याची सोय लागते. कंटेनर थंड ठेवण्यासाठीही वेगळी ऊर्जा खर्च होते. बोरघाट उतरताना भरलेल्या ट्रकच्या ब्रेकमधून काही वीज बॅटरीत परत जमा होते, हा विद्युत ट्रकचा लाभ आहे. उलट पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या भरलेल्या ट्रकला खंबाटकी घाटाची चढण पार करावी लागते.

दूध व शहरांतर्गत वितरण : दुधाचे टँकर आणि बाजारपेठांतील छोटे टेम्पो रोज एकाच मार्गाने फिरून मुक्कामी परततात. रात्रीच्या चार्जिंगसाठी हा प्रकार सर्वांत सोयीचा आहे.

पुणे–मिरज रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण झाले असल्यामुळे लांब पल्ल्याचा काही माल रेल्वेकडे वळवणे हाही उत्सर्जन घटवण्याचा एक मार्ग आहे.

अर्थकारण

विद्युत ट्रकची किंमत तशाच डिझेल ट्रकच्या कित्येक पट असते. प्रति किलोमीटर खर्च मात्र कमी येतो. म्हणून वर्षभर भरपूर धावणाऱ्या ट्रकलाच तो परवडतो. बॅटरीच्या वजनामुळे वाहून नेता येणारा माल काही प्रमाणात घटतो. विद्युत वाहनांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेल ट्रकांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने करातील तफावत कमी झाली.

एक-दोन ट्रक बाळगणारा मालक सहसा जुना ट्रक विकत घेतो आणि आपला ट्रक विकून पुढच्या ट्रकची उभारणी करतो. विद्युत ट्रकांचा जुना बाजार अद्याप तयार झालेला नाही. जुन्या बॅटरीचे मूल्य ठरवणेही कठीण असल्याने कर्ज देणाऱ्या संस्था सावध असतात. चालता ट्रक मोडीत काढण्याची अट अशा मालकाला मोठ्या कंपनीपेक्षा अधिक जड जाते.

रोजगार

फलटण येथे कमिन्स समूहाचे इंजिननिर्मितीचे प्रकल्प आहेत. सातारा शहरातही इंजिन व त्याचे सुटे भाग बनवणारे जुने कारखाने आहेत. विद्युत ट्रकमध्ये इंजिन, इंधनपंप व सायलेन्सर नसतात. त्यामुळे या बदलाचा परिणाम वाहतूकदारांबरोबरच कारखान्यांतील कामगार आणि महामार्गावरील गॅरेजवाले यांच्यावरही संभवतो.

विजेचा स्रोत

भारतातील बहुतांश वीज कोळशापासून तयार होते. एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर एक लिटर डिझेल जळल्याने सुमारे २.७ किलो. म्हणून विद्युत ट्रकचा रस्त्यावरील धूर लगेच थांबतो. हवामानाला होणारा लाभ मात्र वीज किती स्वच्छ आहे यावर अवलंबून राहतो. सातारा जिल्ह्यातील १,९६० मेगावॅटचा कोयना जलविद्युत प्रकल्प आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पठारांवरील पवनचक्क्या ही या भागाची बलस्थाने होत.