तळटीप : ‘ओ गटाचे रक्त कोणालाही चालते’

१. लेखकाचे हे विधान ढोबळमानाने खरे असले, तरी त्याला एक अपवाद आहे आणि तो मुंबईतच सापडला. तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा प्रतिजन असतो. त्याला साखरेचा आणखी एक रेणू जोडला गेला की ‘ए’ किंवा ‘बी’ गट तयार होतो; काहीच जोडले गेले नाही, तर ‘ओ’. म्हणजे ‘ओ’ची पेशी कोरी नसते, तिच्यावर ‘एच’ भरपूर असतो. काही थोड्या माणसांत मात्र हा पायाच घातला जात नाही. त्यांच्या रक्तद्रवात ‘ए’ आणि ‘बी’बरोबर ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडे असतात, त्यामुळे ‘ओ’ रक्तही त्यांच्या जिवावर बेतू शकते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये या गटाचे वर्णन केले. शहराचे नाव बदलले, तरी जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’च राहिला.

एरवी ही माणसे धडधाकट असतात. प्राणवायू वाहून नेण्यात त्यांच्या पेशी कुठेही कमी पडत नाहीत. अडते ते रक्त चढवायची वेळ आली की. भारतात सुमारे १०,००० लोकांत एकाचा हा गट असतो, आणि नुसत्या पेशी तपासल्या तर तो ‘ओ’ म्हणूनच दिसतो. रुग्णाचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिला, की गुठळ्या धरतात आणि गट उघड होतो. ही उलटी तपासणी कधीही टाळू नये, हे इथे आग्रहाने नोंदवतो. दाता शोधताना आधी रुग्णाची सख्खी भावंडे तपासतात. — संपादक