पाण्यावरचे थर

राल्फ सॅम्युएल्सन अठरा वर्षांचा होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं लेक सिटी हे त्याचं गाव आणि गावाला लागून पसरलेलं लेक पेपिन. बर्फावर स्की चालतात तर पाण्यावर का नाही, एवढाच त्याचा प्रश्न होता. १९२२ च्या उन्हाळ्यात त्याने आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही वेळा थेट तळ्यात. शेवटी त्याने पाइनच्या दोन फळ्या घेतल्या, आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि पायासाठी चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीची दोरी. भाऊ बेन मोटरबोट हाकायला.

चार-पाच दिवस तो नुसता पडत होता. मग त्याच्या लक्षात आलं की अंग मागे झुकवायचं आणि फळ्यांची टोकं पाण्याच्या वर ठेवायची. २ जुलैला, म्हणजे एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो उभा राहिला.

यातलं विज्ञान सोपं आहे. सपाट फळी तिरकी धरून वेगाने ओढली की ती पाण्याला खाली ढकलते आणि पाणी तिला वर. विहिरीत चपटा दगड तिरका फेकून टप्पे पाडलेत ना, तेच. वेग कमी झाला की तुम्ही बुडालात, त्यामुळे सगळा खेळ इंजिनावर.

राल्फने पुढे गावोगाव प्रयोग केले. १९२५ मध्ये लाकडी उतारावर डुकराची चरबी फासून त्यावरून उडी मारली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला दोर बांधून ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पळाला. तिकिटाचे पैसे गावाच्या कामाला दिले. पेटंट मात्र घेतलं नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्ककडच्या फ्रेड वॉलरने पाण्यावरच्या स्कीचं पेटंट घेऊन टाकलं. राल्फची पाठ एका बांधकामाच्या अपघातात मोडली, खेळ सुटला आणि तो टर्की कोंबड्या पाळू लागला. १९६३ मध्ये गावात जपून ठेवलेल्या त्याच्या जुन्या फळ्या एका पत्रकार बाईंच्या नजरेस पडल्या. १९६६ मध्ये अमेरिकेच्या संघटनेने तो पहिला असल्याचं मान्य केलं. चव्वेचाळीस वर्षं गेली होती.

एकट्याचा हा नाद टोळीचा खेळ कसा झाला, याची गोष्ट फ्लोरिडातली. विंटर हेवनला डिक आणि ज्युली पोप या नवराबायकोने १९३६ मध्ये सायप्रस गार्डन्स नावाची बाग उघडली. दुसऱ्या महायुद्धात डिक नोकरीवर गेला आणि बाग ज्युलीच्या गळ्यात पडली. तिथे सांगतात ती कथा अशी: पेपरात पाण्यावर स्की करणाऱ्यांचा फोटो बघून जवळच्या छावणीतले काही सैनिक आले आणि विचारू लागले, शो किती वाजता? शो नव्हताच. ज्युलीने वेळ सांगून टाकली, पोरांना आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना गोळा केलं आणि तळ्यात उतरवलं. पुढच्या खेपेला सैनिकांची झुंबड उडाली. कथेला थोडं मीठमसाला लागलं असेल, पण पाया खरा आहे. त्या घरच्या पोरांपासून पुढे पगारी कलाकार आले, वेशभूषा आल्या, पाण्यावरचा बॅले आला, एकमेकांच्या खांद्यावर चढून केलेले मनोरे आले. १९४७ मध्ये इथेच ए. जी. हॅनकॉक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा स्कीशिवाय, नुसत्या तळपायांवर पळाला.

आणि एक गंमत. १९५२ मध्ये सिनेरामा नावाचा प्रचंड वक्र पडद्यावरचा सिनेमा आला, त्याच्या पहिल्याच चित्रपटात सायप्रस गार्डन्सचा स्की शो होता. सिनेरामाचा शोध लावणारा कोण? फ्रेड वॉलर. तोच पेटंटवाला. आपल्याकडे हा खेळ बहुतेकांनी पहिल्यांदा बघितला तो 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस'मध्ये, १९६७ साली. शर्मिला टागोर पाण्यावर आणि शम्मी कपूर हेलिकॉप्टरला लटकलेला. पॅरिसच्या नावाखाली ते गाणं बैरूतला चित्रित झालं होतं, ते सोडा.

मी या सगळ्यात शिरलो तो आमच्या पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. तळ्यात बोट चाललीये, मागे दहा जण, खाली चार, वर तीन, वर दोन आणि टोकाला एक पोरगी हात पसरून. खाली कॉमेंट: "गोविंदा आला रे, पण लाँचला बांधून." मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे हसून झाल्यावर कागद घेतला. चार-तीन-दोन-एक असा सपाट मनोरा आणि प्रत्येक जण आपला आणि डोक्यावरचा भार खालच्या दोघांत निम्मा वाटतो, असं धरा. मग खालच्या रांगेतल्या कडेच्या माणसावर एका माणसापेक्षा थोडं कमी वजन येतं आणि मधल्या दोघांवर प्रत्येकी सव्वादोनच्या जरा खाली. सरासरी साठ किलो धरलं तर मधल्यांच्या खांद्यावर सव्वाशे किलो. हे सगळं हलत्या पाण्यावर, हातात दोर धरून. वरचे लोकही आधी स्कीवर उभे राहतात आणि मग स्की सोडून चालत्या मनोऱ्यावर चढतात. मागून येणारी दुसरी बोट त्या तरंगत्या स्की आणि पडलेली माणसं गोळा करते.

गोविंदा पथकाशी तुलना होणारच. उंचीत त्यांना आपली सर नाही: जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला होता. आपला मनोरा गोल असतो, आतल्या आत आधार घेतो. त्यांचा भिंतीसारखा सपाट, कारण प्रत्येकाचा दोर पुढे बोटीकडे जायला हवा. म्हणून ते उंच जाण्याऐवजी रुंद जातात. १८ ऑगस्ट २०१८ ला विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिलच्या रॉक ॲक्वा जेज संघाने ८० माणसांचा मनोरा ओढून दाखवला. एकाच मनोऱ्यात ऐंशी. आणि पडलात तर खाली डांबर नाही, पाणी आहे. हा फरक छोटा नाही. आपल्याकडे दरवर्षी दहीहंडीच्या रात्री इस्पितळांत काय चालतं ते माहितीच आहे.

हे रॉक ॲक्वा जेज १९६१ पासूनचे आणि हौशी. पगार नाही. हौशी संघांत सगळ्यात जुना म्हणून नाव घेतलं जातं ते त्याच राज्याच्या उत्तरेतल्या मिनॉक्वा गावच्या मिन-ॲक्वा बॅट्सचं, स्थापना १९५०. गाव तळ्याने वेढलेलं, कधीकाळी लाकूडतोडीचं, आता पर्यटकांचं. संघात शाळा-कॉलेजची पोरं. उन्हाळ्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळ, बघायला फुकट. मध्यंतरात प्रेक्षकांतून वर्गणी फिरते. बोट चालवणारा, निवेदन करणारा, धक्क्यावर दोर सोडवणारा, कपडे शिवणारी आई, सगळे घरचेच.

विस्कॉन्सिनमध्येच हे एवढं का रुजलं? एक तर तिथे हजारो तळी आहेत. दुसरं कारण कोल्हापूरकराला लगेच कळेल: इंजिन. ओले इव्हिनरूड या मिस्त्रीने १९०९ मध्ये मिल्वॉकीत बोटीच्या मागे अडकवायची मोटर विकायला सुरुवात केली. कार्ल कीकहेफरची मर्क्युरी कंपनी १९३९ मध्ये तिथल्याच सीडरबर्गला सुरू झाली. म्हणजे तळ्याकाठच्या पोरांना मोटर आणि ती दुरुस्त करणारा मामा दोन्ही हाताशी. आपल्या उद्यमनगरातही लेथ आणि फाउंड्रीच्या जिवावर ऑइल इंजिनं बनली. फक्त आपल्या इंजिनांनी पंचगंगेचं पाणी उचलून उसात सोडलं. पाण्यावर माणूस पळवायची चैन आपल्याला परवडण्यातली नव्हती आणि जागाही नव्हती. रंकाळ्यावर जलपर्णीतून साधी होडी काढायची म्हटली तरी किती वर्षं कशी गेली, ते फुलेवाडीच्या बाजूने फिरायला जाणाऱ्यांना विचारा.

आता मला खरोखर अस्वस्थ करणारा भाग. पगारी, तिकीटवाले मोठे शो बंद पडले. सायप्रस गार्डन्स २००९ मध्ये बंद झालं आणि २०११ मध्ये त्या जागी लेगोलँड उभं राहिलं. शिकागोचा रेडिओवाला टॉमी बार्टलेट याने १९५२ मध्ये स्की शो काढला आणि पुढच्या वर्षी तो विस्कॉन्सिन डेल्सला नेला. जून २००८ मध्ये अतिवृष्टीने लेक डेल्टनचा काठ फुटला आणि अख्खं तळं काही तासांत नदीत वाहून गेलं, घरांसकट. आपण २०१९ ला उलटं बघितलं, नदी घरात आली. बार्टलेटच्या लोकांनी तो मोसम पाण्याविना नुसत्या रंगमंचावर काढला. तळं परत भरलं, शो परत सुरू झाला. २०२० ला कोरोनाने मात्र तो कायमचा बंद केला. हिशेबाच्या वहीत तोटा दिसला की धंदा थांबतो, त्यात कुणाचा दोष नाही.

मिन-ॲक्वा बॅट्स टिकले. त्यांचा हिशेबच वेगळा होता. त्यांना ना मालक, ना नफा, त्यामुळे बंद करायचा अधिकारही कुणाला नाही. आमच्या फुटबॉलचं हेच आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, नावं तालमींची आहेत. पेठेतल्या कुस्तीच्या तालमीने चेंडू हातात, म्हणजे पायात घेतला आणि शाहू स्टेडियम भरू लागलं. संघ कुणाच्या मालकीचा नाही, पेठेचा आहे. अलीकडे बाहेरून खेळाडू आणायची चढाओढ लागली, पैसा आला, आणि गॅलरीतल्या जुन्या मंडळींना काळजी वाटते ती उगाच नाही. जो संघ पैशावर उभा राहतो तो पैशाबरोबर जाऊ शकतो, याला सायप्रस गार्डन्स साक्षीला आहे.

पण हौशी संघालाही एक गळती असते आणि ती पैशाची नाही. मिनॉक्वासारख्या गावातली मुलं कॉलेज संपलं की मोठ्या शहरात जातात. दोन-चार उन्हाळ्यांत अख्खा मनोरा नवा. चांगला तयार झालेला खालच्या रांगेतला गडी बरोबर तयार झाल्यावरच निघून जातो. आमच्या तालमीच्या ग्रुपवर दीडशेच्या वर नंबर आहेत, त्यातले निम्मे पुण्यात, काही बंगळुरात, दोन जर्मनीत. आम्ही वर्गणी ऑनलाइन पाठवतो. वेळेवर, भरपूर. गेल्या वर्षी जर्सी, मिरवणुकीची लाईट, सगळं बाहेरगावच्या पोरांच्या पैशातून झालं. आणि मिरवणुकीच्या आदल्या रात्री मांडवाचे वासे उचलायला सहा जण होते, त्यातले दोघे पन्नाशीचे. एका काकांनी फोनवर मला सांगितलं, "पैसं हाईत रं, खांदं न्हाईत."

उत्तरेतली तळी हिवाळ्यात गोठतात. स्कीचे संघ मग जिममध्ये गाद्या टाकून कोरड्या जमिनीवर मनोऱ्याचा सराव करतात, आपली पथकं आषाढात गल्लीत करतात तसाच. नवी पोरं आधी कडेला उभी केली जातात. मधली जागा जुन्या माणसाची असते, आणि तो दर वर्षी नव्याला शेजारी घेऊन उभा राहतो, पाय किती रुंद ठेवायचे, गुडघा कधी सोडायचा नाही, हे सांगत. हे शिकवण तिथे उभं राहूनच द्यावं लागतं. आमच्याकडे ही जागा सध्या ते दोघे पन्नाशीतले काका सांभाळतात. यंदाची बैठक रविवारी सकाळी दहाला आहे, तालमीतच. ऑनलाइन लिंक पाठवायची नाही असं त्यांनी ठरवलंय.