हंगर गेम्स, द

अमेरिकन लेखिका सुझॅन कॉलिन्स (जन्म १० ऑगस्ट १९६२) यांची किशोरवाचकांसाठीची डिस्टोपियन, म्हणजे दुःस्वप्नवत् भविष्याचे चित्रण करणारी कादंबरी (२००८). पुढील भाग : कॅचिंग फायर (२००९) व मॉकिंगजे (२०१०).

कथानक : उत्तर अमेरिकेच्या भूमीवर भविष्यात पॅनेम हे राष्ट्र आहे, राजधानी कॅपिटॉल आणि तिच्या अमलाखालचे १२ जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात. या २४ जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचे व साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहायचे. कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातली १६ वर्षांची कॅटनिस एव्हरडीन धाकट्या बहिणीऐवजी स्वतः पुढे होते. राष्ट्राचे नाव, भाकरी आणि खेळ देऊन प्रजेला गप्प ठेवण्याविषयीच्या लॅटिन शब्दप्रयोगातून घेतलेले आहे.

निवेदन : कादंबरी पूर्णपणे कॅटनिसच्या तोंडून, प्रथमपुरुषी व वर्तमानकाळी सांगितली आहे. गोष्ट भूतकाळात सांगणारा निवेदक त्या प्रसंगातून वाचलेला असतो, हे वाचक गृहीत धरतो; येथे तो आधार मिळत नाही. पुढच्या क्षणी काय होणार हे कॅटनिसला जितके माहीत, तितकेच वाचकाला.

राज्यव्यवस्थेवर ती भाष्य फारसे करत नाही, हिशेब सांगते. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, याप्रमाणे सोळाव्या वर्षी पाच. शिवाय एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढे धान्य व तेल हवे असेल, तर आणखी एक चिठ्ठी. आई, बहीण आणि स्वतः यांच्यासाठी पाच वर्षे धान्य घेतल्याने तिच्या चिठ्ठ्या २० झालेल्या आहेत. तिचा मित्र गेल याच्या ४२. गरिबाच्या घरचा मृत्यू कसा आधीच ठरलेला असतो, हे किशोरवाचक ही बेरीज करताना स्वतःच ओळखतो. कोणत्याही प्रवचनापेक्षा या बेरजेचा परिणाम अधिक होतो.

दुसरे वैशिष्ट्य छायाचित्रकांचे, म्हणजे कॅमेऱ्यांचे. रिंगणात कॅटनिस सतत दिसत असते आणि आपण दिसतो आहोत हे तिला ठाऊक असते. गुहेत ती पीटाचे, म्हणजे तिच्याच जिल्ह्यातून निवडलेल्या व आता जखमी असलेल्या मुलाचे, चुंबन घेते. थोड्याच वेळात बाहेर पॅराशूटने गरम रश्श्याचे भांडे उतरते. मार्गदर्शक हेमिचचा निरोप तिला कळतो : एका चुंबनाला एक भांडे. पॅनेमच्या प्रेक्षकांना फक्त प्रेम दिसते. त्यामागची भूक आणि स्वतःच्याच भावनांविषयीचा गोंधळ एकट्या वाचकाला ऐकू येतो. पीटाचे प्रेम खरे आहे हे मात्र वाचक तिच्या आधी ओळखतो. निवेदिकेच्या पुढेही आणि तिच्याइतकेच अंधारातही असणे, ही दुहेरी स्थिती या कादंबरीची खरी कमाई होय.

प्रेरणा : रिॲलिटी शो व इराक युद्धाची दृश्ये एकापाठोपाठ पाहताना कल्पना सुचली, असे लेखिकेने सांगितले आहे. थीसिअसची ग्रीक कथा हाही एक स्रोत. कोशुन ताकामी यांच्या बॅटल रॉयल (१९९९) या जपानी कादंबरीशी असलेल्या साम्याची चर्चा झाली आहे. ती आपण तेव्हा वाचलेली नव्हती, असे कॉलिन्स यांचे म्हणणे.

चित्रपट : २०१२, दिग्दर्शक गॅरी रॉस, कॅटनिसच्या भूमिकेत जेनिफर लॉरेन्स.

प्रभाव : थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी या कथेतील तीन बोटांचा अभिवादनसंकेत उचलला, २०२१ मध्ये म्यानमारमध्येही तो दिसला.

उत्तरलेखन : २०२० च्या पूर्वकथेत कॉलिन्स यांनी पुढे पॅनेमचा अध्यक्ष होणाऱ्या १८ वर्षांच्या स्नोची कथा तृतीयपुरुषी सांगितली. सनराइज ऑन द रीपिंग (२०२५) मध्ये त्या पुन्हा प्रथमपुरुषी निवेदनाकडे वळल्या. निवेदक हेमिच चिठ्ठ्या काढण्याच्या दिवशीच १६ वर्षांचा झालेला आहे.