स्टॉक्टनची खानावळ

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या स्वाऱ्या, तह आणि सनावळ्या, अशी आम्हां सुशिक्षितांची समजूत शाळेंतच होऊन बसलेली असते. खानावळीचा इतिहास लिहावयाचा म्हटलें तर पुष्कळांना हंसूं येईल. परंतु ज्यांच्या वांट्याला ना राज्य आलें, ना दफ्तर, ना बायकामुलांनीं भरलेलें घर, त्यांचा इतिहास शोधावा तरी कोठें? कॅलिफोर्नियांतील फिलिपिनो मजुरांची हकीकत वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर एका साध्या भोजनगृहाच्या दाराशीं सांपडलें.

फिलिपाइन्स बेटांत घरच्या माणसांनीं चालविलेल्या खानावळीला ‘कारिंदेरिया’ म्हणतात. रांधलेल्या पदार्थांचीं पातेलीं ओळीनें मांडलेलीं असतात. गिऱ्हाइकानें बोट दाखवावें आणि तो पदार्थ भाताबरोबर घ्यावा. यावरून ‘तुरो-तुरो’, म्हणजे ‘दाखवा-दाखवा’, असेंही तिला नांव आहे. ‘कारिंदेरिया’ या शब्दांत आपला ‘करी’ शब्द दडलेला आहे, असें तिकडे सांगतात. १७६२ मध्यें इंग्रजांनीं मनिला घेतलें, तेव्हां मद्रासेहून निघालेल्या त्या मोहिमेंत हिंदी शिपाईही होते. १७६४ मध्यें इंग्रज परतले. पण कांहीं शिपाई मनिलाजवळच्या कैंता गांवींच राहिले, तेथेंच त्यांनीं संसार थाटले, आणि त्यांच्या मसालेदार कालवणावरून हा शब्द रुळला, अशी ही कथा आहे. परक्या मुलखांत अडकलेल्या माणसाला आपल्या हातची चव हेंच काय तें भांडवल असतें. तेव्हां ती आम्हांला तरी पटण्यासारखी वाटते.

पुढें दीडशें वर्षांनीं परमुलखांत जाऊन पडण्याची पाळी फिलिपिनोंवर आली. १८९८ च्या पॅरिसच्या तहानें स्पेननें हीं बेटें दोन कोटी डॉलरांना अमेरिकेच्या स्वाधीन केलीं. तेथील रहिवासी अमेरिकेच्या अंमलाखालचे झाले, पण नागरिक झाले नाहींत. १९०६ पासून ते हवाईच्या उसाच्या मळ्यांत जाऊं लागले. १९२० नंतर कॅलिफोर्नियाच्या शेतांत त्यांची रीघ लागली. त्यांत बहुतेक सारे तरुण, एकटे पुरुष होते. स्त्रिया अगदींच थोड्या. सॅन वाकीन नदीच्या मुखाकडील काळ्या जमिनींत अ‍ॅस्पॅरॅगस, म्हणजे आपल्या शतावरीच्या जातीची भाजी, होते. तिचे कोंब कंबरेंत वांकून, लांब दांड्याच्या सुरीनें एकेक कापावे लागतात. तो मोसम फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. तो संपला कीं उत्तरेस अलास्कांत मासळी डब्यांत भरण्याचें काम, आणि पावलें पुन्हां वळत तीं द्राक्षांच्या मळ्यांकडे. या भटकंतीच्या मध्यावर स्टॉक्टन शहर होतें. तेथील एल् डोरॅडो आणि लाफायेट या रस्त्यांच्या चौकाभोवतीं त्यांची वस्ती वाढली, ती इतकी कीं फिलिपाइन्सच्या बाहेर एवढी मोठी फिलिपिनो वस्ती तेव्हां दुसरी नव्हती. लोक तिला ‘लिटल मनिला’ म्हणत.

या वस्तीबाहेर त्यांना कोण पुसत होतें? शहरांतील हॉटेलांच्या दारांवर फिलिपिनोंना मज्जाव असल्याच्या पाट्या लागलेल्या असत. १९३३ मध्यें तर गोऱ्या स्त्रीशीं त्यांनीं लग्न करूं नये म्हणून राज्याचा कायदाच बदलण्यांत आला, आणि तो बंध १९४८ पर्यंत सुटला नाहीं. ज्याला भोजनगृहांत शिरकाव नाहीं आणि ज्याच्या घरीं चूल पेटविणारें कोणी नाहीं, त्यानें जेवावें कोठें, या प्रश्नांतच लिटल मनिलांतील खानावळींचा जन्म आहे.

त्यांपैकीं एक ‘लाफायेट लंच काउंटर’. १९३१ पासून ती एका फिलिपिनो गृहस्थानें चालविली; त्याच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहेच. अशा खानावळींत काय मिळे? लसूण, मिरीं आणि शिरका घालून शिजविलेलें ‘आदोबो’. चिंचेच्या आंबट रश्शाचें ‘सिनिगांग’. कारलीं, वांगीं व भेंडी यांची एकत्र भाजी, ती ‘पिनाकबेत’. तिला चव आणावयाची ती खारवून मुरविलेल्या मासळीनें किंवा जवळ्यासारख्या बारीक कोळंबीनें. त्या दर्पानें परक्यानें नाक धरावें आणि कोंकणांतल्या माणसाला मात्र घर आठवावें. डुकराचें मांस महागलें म्हणजे हे लोक रानांतले ससे मारून त्यांचेंच आदोबो करीत. सोबत भात हवाच. पावावर या लोकांचें पोट भरत नसे.

पण जेवण हा या खानावळीच्या कामाचा अर्धाच भाग होय. मजुराचा मुक्काम आज या छावणींत तर उद्यां त्या. मग आईचें पत्र यावें कोठें? तें खानावळीच्या पत्त्यावर येई आणि मालक तें जपून ठेवी. काम नसलेल्या महिन्यांत जेवण उधारीवर, पैसे मोसम संपल्यावर. वयानें मोठ्या माणसाला तेथें ‘मनोंग’ म्हणत, आपण ‘दादा’ म्हणतों त्याच अर्थानें. कोणत्या शेतावर काम निघालें, कोणत्या मुकादमानें मजुरी बुडविली, कोणाच्या गावाहून काय खबर आली, हें सारें ताटावर बसूनच कळे. याच शहरांत शीख शेतमजुरांनीं १९१२ मध्यें गुरुद्वारा स्थापिला होता, आणि तेथेंही लंगर चालेच. आमच्या गिरणगांवांतील खानावळींनीं घाटावरच्या व कोंकणांतल्या गड्यांना असेंच धरून ठेवलें होतें. मुंबईच्या गड्याला शिमग्या-गणपतीला घरीं जातां येई. हे मात्र महासागरापलीकडचे.

१९३० च्या जानेवारींत वॉटसनव्हिल येथें गोऱ्या जमावानें फिलिपिनोंवर हल्ले केले आणि फेर्मिन तोबेरा हा तरुण गोळी लागून मेला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्टॉक्टनमध्यें त्यांच्या एका संस्थेची इमारत सुरुंगानें उडविण्यांत आली. १९३४ च्या कायद्यानें वर्षाला अवघ्या ५० फिलिपिनोंना प्रवेश ठरला. असे दिवस असतांनाही १९३९ मध्यें शतावरीच्या ऐन मोसमांत त्यांनीं संप करून शेतमालकांना नमविलें. पुढें स्टॉक्टनचेच लॅरी इट्लिओंग यांच्या पुढारीपणाखालीं ८ सप्टेंबर १९६५ रोजीं डिलानोच्या द्राक्षमजुरांनीं संप पुकारला. आठवड्याभरानें मेक्सिकन मजूर त्यांस मिळाले, आणि दोघांच्या पंगती तेथील फिलिपिनो सभागृहाच्या स्वयंपाकघरांतून उठत. एवढ्या मोठ्या संपाच्या इतिहासांत त्या स्वयंपाकघराला ओळभर जागाही सहसा मिळत नाहीं, याचें आम्हांला वाईट वाटतें.

लाफायेट लंच काउंटरच्या मालकाची नात डॉन मॅबालॉन ही स्टॉक्टनमध्येंच १९७२ सालीं जन्मली. कॉलेजांत असतांना तिनें कार्लोस बुलोसान यांचें, १९४६ मध्यें निघालेलें, मजुरांच्या हालअपेष्टांचें पुस्तक वाचलें आणि भारावून जाऊन वडिलांना सांगितलें. वडील म्हणाले कीं, ते लेखक तर तुझ्या आजोबांकडेच येत. त्यांचीं पत्रें आपल्या खानावळींत येत आणि आजोबा त्यांना फुकट जेवूं घालीत. ज्या गांवांत ती वाढली त्या गांवच्या शाळेनें तिला हें कधीं सांगितलें नव्हतें.

सांगणार तरी कसें? तोंवर वस्तीच नाहींशी होत आली होती. नगरसुधारणेच्या नांवाखालीं आणि शहराच्या मधून नेलेल्या हमरस्त्यासाठीं लिटल मनिलाचे बहुतेक भाग १९७० च्या सुमारास जमीनदोस्त झाले. उरलेल्यांतलेही कांहीं १९९९ मध्यें पाडले गेले. तेव्हां मॅबालॉनबाईंनीं सोबत्यांसह वस्तीचे अवशेष वांचविण्यासाठीं एक संस्था काढली. एका जुन्या बिऱ्हाडघराच्या तळघरांत मजुरांनीं ठेवलेल्या पेट्या निघाल्या, कपडे, पत्रें, फोटो जसेच्या तसे. ठेवणारे परत आलेच नव्हते. २००३ मध्यें अमेरिकेंतील धोक्यांत असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादींत लिटल मनिलाचें नांव लागलें, आणि २०१३ मध्यें बाईंचा या वस्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०१८ मध्यें त्या वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं वारल्या. यादी झाली तेव्हां हमरस्त्याच्या कडेला जुन्या वस्तीच्या तीन इमारती उभ्या होत्या. आजोबांची खानावळ त्यांत नव्हती.