भारत–पोर्तुगाल संबंध (बेळगाव सीमाभाग)

गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना बेळगाव–खानापूर पट्टा दोन राजवटींच्या सरहद्दीलगत होता. येळ्ळूरसारख्या भातशेतीच्या गावांमागे पश्चिमेला घाट आणि घाटाखाली परकी मुलूख. त्यामुळे लिस्बनशी बिनसले की त्याची झळ आधी सरहद्दीवरच्या अनमोडला आणि कॅसलरॉकला लागे.

संबंध सुधारण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्रिटिशांच्या काळातला. २६ डिसेंबर १८७८ च्या लिस्बन कराराने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांमधील जकात उठली. गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मोबदल्यात पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मार्मागोवा बंदर व कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग याच कराराची फळे. करार बरोबरीचा मात्र नव्हता : मिठागरांवर जगणारे गोवेकर देशोधडीला लागले, रेल्वेला पुरेसा माल मिळाला नाही आणि १८९२ मध्ये करार संपला. रूळ तेवढे राहिले.

स्वातंत्र्यानंतर गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगाल बोलणी करण्यास तयार होईना, म्हणून भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधील वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केल्यावर संबंध तुटले, सरहद्द बंद झाली आणि कॅसलरॉकवरून गोव्याला जाणारी गाडी थांबली. बेळगावचा बटाटा घाटावरच राहिला. गोव्यात हॉलंडचा बटाटा आणि सिलोनचा चहा उतरू लागला. नाकेबंदीने गोवा शरण येईल हा दिल्लीचा अंदाज चुकला, कारण जपानला जाणाऱ्या लोहखनिजाने पोर्तुगीज प्रशासनाला तारले. नाकेबंदीपेक्षा परिणामकारक ठरला असेल तर वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांचा ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. हे गुप्त नभोवाणी केंद्र आधी आंबोलीतून व नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून चाले. दरम्यान १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मराठी माणसाला सलणारी सरहद्द त्यानंतर गोव्याची नव्हे, तर या दोन राज्यांमधली झाली. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य बेळगाव परिसरात एकवटले आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

पोर्तुगालने ही मुक्ती मान्य करण्यासाठी तेथील हुकूमशाही कोसळावी लागली. एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले व राजनैतिक संबंध पुन्हा जुळले.

मडगावशी पितृकुळाचे नाते असलेले पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान आंतोनियु कोश्ता जानेवारी २०१७ मध्ये भारतात आले. बंगळूरच्या प्रवासी भारतीय दिवस सोहळ्याला ते प्रमुख पाहुणे होते. भारताशी जकातीचा स्वतंत्र करार मात्र त्यांना करता आला नसता. १९८६ पासून पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा, म्हणजे आजच्या युरोपीय संघाचा सदस्य असल्याने तशी बोलणी ब्रसेल्समार्फतच होतात.